जंतूंचें अन्न आणि त्यांचे बीजाणू

उकळी आली म्हणजे पदार्थांतील सर्व जंतु मेले, असें पुष्कळांस वाटतें. परंतु वाळलेल्या गवताचा काढा उकळून ठेविला, तरी कांहीं काळानें त्यांत जंतु वाढलेले दिसतात. ह्याचें कारण इ. स. १८७६ त फर्डिनांड कोन ह्या जर्मन शास्त्रज्ञानें दाखवून दिलें. गवतावरील ‘बॅसिलस सब्टिलिस’ हा जंतु आपल्या शरीरांत जाड कवचाचा एक बीजाणू तयार करितो, व तो उकळत्या पाण्यासही दाद देत नाहीं.

प्रयोगशाळेंत असे बीजाणू विपुल हवे असल्यास जंतूंस कोणतें अन्न द्यावें? जितकें अन्न अधिक तितके बीजाणू अधिक, असें प्रथमदर्शनीं वाटेल. वस्तुतः तसें घडत नाहीं. अन्न मुबलक आहे तोंवर जंतु दुभंगून केवळ संख्या वाढवितात. तें सरत आलें म्हणजेच ते बीजाणू करूं लागतात. अन्न फारच थोडें असल्यास जंतूच थोडे, मग बीजाणू कोठून यावेत? म्हणून अन्न इतकेंच असावें कीं, प्रथम भरपूर वाढ व्हावी व मग तें संपावें.

कांहीं क्षारही अवश्य लागतात. इ. स. १९६५ च्या निबंधामुळें शेफर ह्या शास्त्रज्ञाच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या माध्यमांत दर लिटरास मांसार्क व पेप्टोन यांची ८ ग्रॅम भुकटी, आणि पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, लोह व मँगनीज यांचे क्षार असतात. मँगनीजचा क्षार अवघा २ मिलिग्रॅम. तथापि मँगनीजवांचून बीजाणू फारच कमी होतात. कॅल्शियम बीजाणूच्या गाभ्यांत डायपिकोलिनिक आम्लाशीं संयोग पावून त्यास उष्णता सोसण्यास साह्य करितें.

हा खटाटोप निरर्थक नव्हे. रुग्णालयांत शस्त्रक्रियेचीं उपकरणें १२१ अंश उष्णतेच्या वाफेनें शुद्ध करितात. वाफेनें आपलें काम केलें कीं नाहीं, हें पाहण्यास अशाच एका जातीचे चिवट बीजाणू उपकरणांबरोबर ठेवून मग पोषक द्रवांत घालितात. ते उगवले, तर तीं उपकरणें रोग्यास लावणें धोक्याचें होय.

गृहिणींनींही एवढें ध्यानांत ठेवावें कीं, शिजविलेला भात हेंही जंतूंस उत्तम माध्यम आहे. ‘बॅसिलस सेरियस’ ह्या जंतूचे बीजाणू शिजण्यांतून वांचतात, आणि भात तासन्‌तास कोमट राहिल्यास त्यांत वाढून विष उत्पन्न करूं शकतात. त्यांतील वांती करविणारें विष पुन्हां ऊन केल्यानेंही जात नाहीं. यास्तव भात ताजा व गरम असतांच खावा. उरलाच तर लवकर निववून थंड जागीं ठेवावा.