समुद्रकाठची वखार आणि पावडर कोटिंगचे लोखंड

धान्याच्या व्यापाऱ्यास 'तांबेरा' हा शब्द गव्हाच्या संदर्भात परिचित असतो. परंतु वास्कोसारख्या बंदराच्या गावी अनेक वर्षे वखार चालविल्यावर मला असे म्हणावेसे वाटते की, दाण्याइतकीच चिंता तो ज्या मांडणीवर ठेवावयाचा त्या लोखंडाचीही वाहावी लागते.

2019 साली मी वखारीसाठी पोलादी पत्र्याच्या मांडण्या करवून घेतल्या. त्यांवर राखी रंगाचे पावडर कोटिंग होते. 'आता दहा वर्षे पाहावयास नको,' असे करून देणाराने सांगितले व मीही ते मानले. तिसऱ्या पावसाळ्यानंतर झाडलोट करिताना एका हमालाचे बोट खांबाच्या बुडाशी लागले, तो रंगाचा पापुद्रा सुटून हातात आला आणि आतील पत्रा चाळणीसारखा झालेला दिसला. त्या मांडणीवर त्या वेळी तांदळाची चाळीस पोती, म्हणजे दोन टन भार होता आणि खाली माणसे वावरत होती. पोती तत्काळ उतरविली म्हणूनच अनर्थ टळला. या विषयात लक्ष घालण्याचे कारण हे असे घडले.

पावडर कोटिंग म्हणजे रंगाची कोरडी भुकटी विजेच्या भाराने धातूवर चिकटवून, सुमारे 180 ते 200 अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या भट्टीत वितळवून कठीण करणे होय. हा थर सामान्यतः 60 ते 80 मायक्रॉन, म्हणजे जवळपास वहीच्या कागदाइतका पातळ असतो. अखंड असेतोवर तो उत्तम रक्षण करितो. परंतु तो केवळ पांघरूण आहे. त्यास ओरखडा गेला, भोक पडले किंवा कड उघडी राहिली की खारट ओल आत शिरते व गंज थराखालून आडवा पसरत जातो. गंजास मूळ लोखंडाहून पुष्कळ अधिक जागा लागते, त्यामुळे वरचा थर उचलला जाऊन फोड येतो. फोड डोळ्यांस दिसेतो आतील नाश बराच झालेला असतो.

थर प्रथम कोठे दुबळा पडतो हेही ध्यानी घ्यावे. भट्टीत भुकटी वितळताना धारदार कडेवरून रंग मागे ओढला जातो. पोकळ नळीच्या आतल्या अंगास व खोल कोपऱ्यांत भुकटी धड पोहोचतच नाही. माझ्या बाबतीत तर जमीन उंचसखल निघाली, म्हणून खांबांची बुडे जागेवरच ग्राइंडरने कापली व कापलेल्या कडेवर कुंचल्याने रंग फासला. हंगामाचा माल दारात येऊन उभा होता. घाई माझीच होती. शिवाय त्याच भिंतीशी खडेमिठाची थप्पी! हवेतील आर्द्रता शेकडा 75 च्या वर गेली की मीठ पाणी ओढून पाझरू लागते आणि गोव्याच्या पावसाळ्यात ती दिवसचे दिवस त्याहून अधिक असते.

म्हणून नवीन काम सांगताना रंगाच्या छटेपेक्षा रंगाखाली काय आहे हे विचारावे. कापणे, भोके पाडणे व वेल्डिंग ही सर्व कामे आधी उरकावीत, कडा घासून गोल कराव्यात व मग पोलाद वितळलेल्या जस्तात बुडवून जस्तलेपित करून घ्यावे. ओरखडा पडला तरी जस्त स्वतः झिजते व लोखंडास वाचविते. मात्र जस्तावर भुकटी मारण्यापूर्वी पृष्ठभाग नीट तयार केला नाही, तर भट्टीत बारीक छिद्रे पडतात किंवा थर सुटतो. जस्ताचा खर्च परवडत नसेल तेथे निदान जस्तयुक्त प्रायमर भट्टीत भाजून त्यावर रंगाचा थर द्यावा. बाहेरच्या फाटकास पॉलिएस्टर जातीची भुकटी मागावी. इपॉक्सी जातीची उन्हाने खडूसारखी भुरभुरते.

एक गोष्ट अनेकांस विपरीत वाटेल. पावसात भिजणाऱ्या भागापेक्षा छपराखालचा, वाऱ्यास उघडा पण पावसास आडोशाचा भाग पुष्कळदा आधी गंजतो. पाऊस मीठ धुऊन नेतो, आडोशास ते साचत राहते. तेव्हा शटरची वरची पेटी, फाटकाच्या बिजागऱ्यांमागची जागा व छपराखालचे गज महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने व सौम्य साबणाने धुवावेत. तारेचा ब्रश वा आम्ल कटाक्षाने टाळावे. वखारीच्या आत पाणी ओतणे म्हणजे धान्यास बुरशीचे आमंत्रण. तेथे पिळलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे फडके फिरवावे.

गंज दिसलाच तर त्यावर नुसता रंग फासू नये. फोडाभोवतीचा सुटा थर काढून धातू चकचकीत होईतो घासावा. मग गोड्या पाण्याने धुवावा, कारण खड्ड्यांत मीठ राहिले तर नव्या रंगाखालीही गंज चालूच राहतो. पूर्ण कोरडा झाल्यावर जस्तयुक्त प्रायमर, त्यावर इपॉक्सी व शेवटी पॉलियुरेथेन रंग असे थर द्यावेत. पत्रा पातळ झालेला असल्यास हा खटाटोप करू नये. भार वाहणारा खांब सरळ बदलावा.

माझ्या जुन्या मांडण्या भंगारात वजनावर गेल्या. नव्या जस्तलेपित आहेत. जमिनीच्या उंचसखलपणासाठी बुडाशी कमीजास्त करता येणारे पाय आहेत, म्हणून ग्राइंडर लावावा लागला नाही. मिठाची थप्पी आता वेगळ्या खोलीत, लाकडी फळ्यांवर असते.