‘आता काही करता येणार नाही’



“आता काही करता येणार नाही, पेशंटला घरी न्या.” डॉक्टरांचे हे शब्द ऐकून अनेक कुटुंबे खचतात. आजार बरा होणार नाही, हे खरे असू शकते. पण रुग्णासाठी काहीच करता येणार नाही, हे कधीच खरे नसते.

कॅनडातील माँट्रियलच्या रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटलने हा फरक कृतीत आणला. तेथील सर्जन डॉ. बाल्फर माउंट यांनी १९७३ च्या सुमारास आपल्याच हॉस्पिटलात पाहणी केली. मरणपंथाला लागलेल्या रुग्णांच्या वेदनांकडे पुरेसे लक्ष दिले जात नव्हते. मग माउंट लंडनला डॉ. सिसिली साँडर्स यांच्याकडे गेले. त्यांचे सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस १९६७ पासून सुरू होते. वेदना शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक असते, असे त्या शिकवत. दुखणे असह्य होण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी औषध द्यावे, ही त्यांची पद्धत.

जानेवारी १९७५ मध्ये रॉयल व्हिक्टोरियात अशा रुग्णांसाठी वेगळा वॉर्ड उघडला. फ्रेंच भाषकांना ‘हॉस्पिस’ म्हटले की निराधारांचा आश्रम आठवे. म्हणून माउंट यांनी ‘पॅलिएटिव्ह केअर’ हा शब्द योजला. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘पॅलियम’ आहे, म्हणजे अंगावर पांघरायचे वस्त्र. जेथे बरे करणे हेच यश मानले जाई, तेथेच बरे न होणाऱ्यांना हक्काची खाट मिळाली.

ख्रिस्तसभेची शिकवणही हीच आहे. निष्फळ व अतिकष्टदायक उपचार थांबवता येतात. जाणूनबुजून मृत्यू घडवता येत नाही आणि नेहमीची शुश्रूषा थांबवता येत नाही. अशी शुश्रूषा हे निःस्वार्थ प्रीतीचे खास रूप आहे, असे कॅथोलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ सांगतो. आपल्या जवळच, वांद्रे येथे, १९८६ मध्ये भारतातील पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, सुरू झाले. धर्मभगिनी तेथे कॅन्सरच्या रुग्णांची सेवा करतात.

आपल्या घरी अशी वेळ आली, तर वेदना कशा कमी करता येतील हे डॉक्टरांना स्पष्ट विचारू या. रुग्ण शुद्धीवर असतानाच धर्मगुरूंना बोलावू या. रुग्णाभ्यंग हा केवळ अखेरच्या श्वासाचा संस्कार नाही. आणि शेजारी कोणी अंथरुणाला खिळले असेल, तर रोज अर्धा तास त्यांच्याजवळ बसू या. तेवढ्यात घरच्यांना दोन घास सुखाने खाता येतील.