आधी तूस कोरडं, मग पावडर

भाचेबुवा, पुण्यात तपकीर गल्लीत आलास की आधी ब्रूडरचे बल्ब, होल्डर आणि वायर घे; आतड्याच्या पावडरीची चौकशी नंतर. हसू नकोस. बुधवार पेठेत कोंबडीच्या पोटाचं औषध मिळतं ते हेच. गारठलेलं पिल्लू खाद्याकडे फिरकत नाही, घोळक्यात दबून बसतं. आणि आतडं पहिल्या आठवड्यात जेवढं झपाट्यानं वाढतं, तेवढं पुढे वाढत नाही. पहिले दोन दिवस पिल्लाच्या उंचीवर 32 ते 34 अंश राहायला हवेत. पिल्लं सोडल्यावर 24 तासांनी काही उचलून गळ्याखालची पिशवी चाचप. भरलेली आणि मऊ हवी. दाण्यासारखी टणक लागली तर पाणी कमी पडतंय. शंभरातल्या पाच पिल्लांपेक्षा जास्त रिकामी निघाली, तर उष्णता, पाणी आणि खाद्याची भांडी लगेच तपास.

आता तुझी प्रीबायोटिक पावडर. प्रोबायोटिक म्हणजे विरजण, प्रीबायोटिक म्हणजे त्या विरजणाला लागणारं दूध. प्रीबायोटिक पिल्लाला पचत नाही. आतड्याच्या टोकाजवळच्या दोन आंधळ्या पिशव्यांत चांगले जंतू त्यावर पोसतात, आम्ल तयार करतात आणि वाईटांना जागा उरू देत नाहीत. यीस्टच्या पेशीभिंतीतून काढलेलं एमओएस हे प्रीबायोटिक आणखी एक काम करतं: ई. कोलाय आणि साल्मोनेला आतड्याला चिकटण्याऐवजी त्यालाच चिकटतात आणि विष्ठेतून बाहेर पडतात. युरोपनं 2006 पासून वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं घालणं बंद केलं, आपल्याकडे 2019 मध्ये कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी आली. तेव्हापासून या पावडरींचा बोलबाला आहे. वस्तू खरी आहे. पण विक्रेता सांगतो तेवढी ती करत नाही.

शेडमध्ये अंथरलेलं तूस ओलं असेल तर आतड्याचा कॉक्सी रोग बळावतो, त्यानं सोललेल्या आतड्यात क्लॉस्ट्रिडियम जंतू शिरू शकतात, आणि तिथे कुठलीही पावडर हात टेकते. मूठभर तूस घट्ट दाबून सोड. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त, भुगा झाला तर ठीक. पाण्याच्या निपलखालचं तूस रोज खालीवर कर, गळका निपल त्याच दिवशी बदल. खाद्याचा मका बुरशीचा असेल तर स्वस्त मिळाला म्हणून घेऊ नकोस.

विष्ठा बघायची सवय लाव. तपकिरी, चिकट विष्ठा मधूनमधून दिसली तर घाबरू नकोस, ती त्या आंधळ्या पिशव्यांचीच. नारिंगी चिकटा, रक्त किंवा न पचलेला दाणा दिसला की डॉक्टरांना फोन. पाण्याचंही एक सांगतो: लासोटा किंवा गंबोरोची लस पाण्यातून द्यायची असेल तेव्हा पाण्यात क्लोरीन नको. जिवंत प्रोबायोटिकही क्लोरीनच्या पाण्यात मरतं. प्रीबायोटिकला तो धोका नाही, हा त्याचा मोठा फायदा.

मात्रा पाकिटावर लिहिलेली असते, तीच पाळ. टनाला अर्धा-एक किलोची वस्तू थेट ढिगावर ओतलीस तर एका पोत्यात सगळी आणि दुसऱ्यात काहीच नाही. आधी पाच-दहा किलो भरड्यात कालव, मग मोठ्या मिक्सरात टाक.

पावडर तुझ्या शेडमध्ये खरंच कामाची आहे का, हे तपासायला अप्पा बळवंत चौकातून एक जाड रजिस्टर घेऊन जा. शेड मधोमध जाळीनं विभाग, एका बाजूला पावडर, दुसऱ्या बाजूला नाही. खाद्य, पाणी, मर, वजन रोज वेगवेगळं लिही. हिशेब सोपा आहे. दोन किलोचे हजार पक्षी धर, एफसीआर, म्हणजे किलोभर वजनाला लागणारं खाद्य, 0.02 नं सुधारला तर 40 किलो खाद्य वाचतं. त्या 40 किलोंची किंमत पावडरीच्या खर्चाहून जास्त भरली, तरच पुढच्या बॅचला घे. एका बॅचवर मात्र भुलू नकोस, उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही पाहा.

आणि पिल्लं कंपनीच्या करारावर असतील, तर त्यांच्या खाद्यात स्वतःहून चिमूटभरही काही मिसळू नकोस. आधी सुपरवायझरला विचार.