बांगडीतला मोर

गेल्या वर्षी पावसाळी भित्तिपत्रकाची सजावट माझ्याकडे आली होती. मोबाईलवर पिसारा फुलवलेला एक मोर शोधला आणि चार संध्याकाळी बसून त्याचे एकेक पीस हुबेहूब उतरवले. मराठीच्या सरांनी कागद पाहिला आणि विचारले, "चित्र सुबक आहे. पण हा मोर तू कोठे पाहिलास?" मला उत्तर देता आले नाही.

वास्तविक उत्तर घरीच होते. आम्ही येवल्याचे. वडील हातमागावर पैठणी विणतात. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत. महाविद्यालयाची पायरी चढणारी घरातली मी पहिलीच. खरे सांगायचे तर, वडील काय करतात असे कोणी विचारले की मी विषय बदलत असे. मागावरचा मोर लहानपणापासून पाहत होते. पण त्याला 'कला' म्हणावे असे कधी मनात आले नव्हते.

त्या रात्री मागाजवळ जाऊन बसले. पदरावर बांगडी-मोर चालू होता. बांगडीसारखे वर्तुळ आणि त्यात मोर. मी विचारले, "अण्णा, याला पिसे एवढी कमी का?" ते म्हणाले, "अगं, धाग्यात बसतील तेवढीच घ्यायची. जी काढली तरी मोर मोरच राहतो, ती सोडायची."

ग्राफिक डिझाइनचा पहिला धडा मला तेथे मिळाला. मागावर धागे उभे आणि आडवे, एवढेच. त्यामुळे गोलाईसुद्धा पायऱ्यापायऱ्यांनी आणावी लागते. रंगाच्या निरनिराळ्या कांड्या धागे मोजून फिरवाव्या लागतात. या अडचणीतूनच आकृतीला नेमकेपणा येतो. नारळी काठ, आसावलीची वेल, मुनिया पोपट हे सारे निसर्गातून आलेले, तर बांगडी रोजच्या वापरातली. निसर्गाची नक्कल येथे कोणी केली नाही. त्यातले नेमके तेवढे निवडले.

मग हीच दृष्टी इतरत्र दिसू लागली. वारली चित्रांत सूर्य-चंद्र वर्तुळ होतात, डोंगर आणि झाडांची टोके त्रिकोण होतात; दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणसाचे धड तयार! तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि बांबूची काडी एवढ्या सामग्रीवर जिव्या सोमा मशे यांनी ही कला जगापुढे नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2010 साली स्वीकारलेले रुपयाचे चिन्ह घ्या. डी. उदयकुमार यांनी ते आपल्या रोजच्या 'र' या अक्षरातून आणि शिरोरेषेतून घडवले.

ज्या मित्रमैत्रिणींना भित्तिपत्रक किंवा बोधचिन्ह करायचे असेल, त्यांनी एक साधा अभ्यास करून पाहावा. घरातली वा रस्त्यावरची एकच वस्तू घ्यावी. पळसाचे पान, खलबत्ता, काहीही. ती नीट पाहावी, मग दूर ठेवून आठवणीने काढावी. जे आठवते तेच बहुधा महत्त्वाचे असते. नंतर तीच आकृती दहा रेषांत, मग पाच रेषांत काढावी. ओळख पुसू लागली की एक पाऊल मागे यावे. शेवटी ती पोस्टाच्या तिकिटाएवढी करून पाहावी. तरी ओळखू आली तर ती साधली.

असो. मी मोराचा कागद बाजूला ठेवला आणि गणिताच्या वहीतला चौकटींचा कागद घेतला. पहिल्या पावसात आमच्या दारासमोरच्या विजेच्या तारेवर तीन कावळे भिजत बसले होते. ते चौकटी मोजून काढले. तीच तार पुढे ओढून 'पाऊसपाणी' या शीर्षकाची शिरोरेषा केली.

या वेळी सरांनी काही विचारले नाही. मीच सांगितले, "सर, हे आमच्या दारात पाहिले." आणि माझे वडील काय करतात, तेही सांगितले.