भांडुपची लॅम्ब्रेटा

प्रश्न : वडिलांच्या जुन्या लॅम्ब्रेटाला जाणकार एवढे महत्त्व का देतात? ती इटालियन की देशी?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपली पृच्छा मुलुंडहून यावी ही मोठी मौज; कारण त्या स्कूटरचा कारखाना आपल्या शेजारी, भांडुपलाच होता. मिलानच्या लांब्राते भागात फेर्दिनांदो इनोचेंती यांच्या कारखान्यातून १९४७ साली प्रथम बाहेर पडलेल्या या वाहनाची येथे जुळणी करण्याचे कार्य १९४९ साली स्थापन झालेल्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने अंगावर घेतले, आणि परवान्यांच्या त्या अमदानीत, मोटार ज्याच्या ऐपतीबाहेर होती अशा मध्यमवर्गीय कुटुंबाला चाके मिळवून दिली.

बाजूचा पत्रा उतरवून पाहा. व्हेस्पाचे इंजिन उजव्या कुशीस टांगलेले असते. लॅम्ब्रेटाचे मात्र पोलादी नळीच्या सांगाड्यात मधोमध बसवलेले, आणि त्याची शक्ती बंद पेटीतील साखळीने मागील चाकापर्यंत जाते. त्यामुळे भार दोन्ही अंगांस सारखा राहतो. हे रचनाचातुर्य, माझ्या मते, व्हेस्पाच्या लोकप्रियतेपुढे उगाच झाकोळले गेले.

१९७२ साली इनोचेंतीची यंत्रसामग्री व नाममुद्रा लखनौच्या सरकारी स्कूटर्स इंडियाकडे गेली. तेव्हा भांडुपकरांची तीच गाडी पुढे ‘लॅम्बी’ म्हणून विकली गेली. आपल्या गाडीवर हे दुसरे नाव आढळले, तर तिला दुय्यम लेखू नका; आणि नवा रंग चढविण्यापूर्वी मूळ नोंदणीचे दस्तऐवज तेवढे शोधून ठेवा.