सील बदलण्याआधी

चि. सोनू हिस,


तू पाठवलेले फोटो नीट मोठे करून पाहिले. आजोबांची मारुती 800 भंगारात द्यायची नाही आणि तिचे गळणारे पुढचे ऑइल सील स्वतःच्या हातानं बदलायचे, हा तुझा निश्चय मला मनापासून आवडला. शिकायला याहून चांगली गाडी नाही. डिसेंबर 1983 मध्ये पहिली 800 ग्राहकाच्या हाती गेली, 2014च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत पंचवीस लाखांहून अधिक गाड्या निघाल्या, त्यामुळे सामान अजून मिळतं आणि तिचं 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन ओळखणारे कारागीरही गावोगाव आहेत.

पण तुझ्या मेसेजमधलं एक वाक्य मला खटकलं. ‘सील गेलंय, नवीन आणून ठोकते.’ सील म्हणजे नुसती ती रबराची रिंग नव्हे. रबराची लिप, ती जिच्यावर टेकते तो शाफ्टचा अरुंद पट्टा आणि इंजिनच्या आतला दाब, हे तिन्ही मिळून तेल अडवतात. रबर बदललं आणि बाकीची दोन तशीच राहिली, तर नवं सीलही थोड्याच दिवसांत ठिबकायला लागेल आणि तू दुकानदाराला नकली माल दिला म्हणून बोल लावशील.

आधी गळती खरंच तिथूनच आहे का, हे ठरव. तुझ्या फोटोत टायमिंग कव्हरच्या खालची कड ओली दिसते, पण तेल वरून खाली येतं आणि गाडी चालताना वारा ते मागे पसरवतो. टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं असेल तरी खालचा सगळा भाग असाच काळा होतो. डिझेल आणि ब्रशनं तो भाग स्वच्छ धू, कोरडा होऊ दे, संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुर. मग इंजिन गरम होईपर्यंत गाडी चालवून आण आणि टॉर्च घेऊन बघ. पावडरीत ओला ओघळ जिथून सुरू होतो ती जागा खरी. या एका संध्याकाळच्या कामाचा कंटाळा करू नकोस. विनाकारण उघडलेली इंजिनं मी एसटीच्या वर्कशॉपात पुष्कळ पाहिली आहेत.

दुसरं, आतला दाब. पिस्टनच्या रिंगांच्या बाजूनं थोडा वायू नेहमीच खाली तेलाच्या चेंबरकडे झिरपतो आणि ब्रीदरच्या नळीनं बाहेर ओढला जातो. ती नळी काजळीनं तुंबली की दाब सगळ्यांत दुबळी वाट शोधतो, आणि ती वाट बहुतेक वेळा सीलचीच असते. इंजिन सुरू ठेवून तेल भरायचं झाकण काढ आणि तोंडावर कागद धर. कागद किंचित थरथरला तर ठीक. धापा टाकल्यासारखा उडत राहिला तर आधी ब्रीदर काढून साफ कर. तरीही उडालाच तर ते बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे रिंगा झिजल्या. अशा वेळी सीलवर खर्च करण्यापूर्वी मला कळव.

आता सीलबद्दल. फिरत्या शाफ्टभोवतीची ही सोय फार जुनी नाही. 1930च्या सुमारास जर्मनीत फ्रॉइडेनबर्ग या कंपनीनं, जी मूळची कातडी कमावणारी, चामड्याची लिप असलेलं सील बाजारात आणलं. नंतर चामड्याची जागा कृत्रिम रबरानं घेतली. आत एक बारीक गोल स्प्रिंग असते, ती लिपला शाफ्टवर हलकेच दाबून धरते. मला या वस्तूचं नवल वाटतं ते यासाठी की ती तेलाला कोरडं पुसून अडवत नाही. लिपखाली तेलाचा अतिशय पातळ थर राहतो. लिपच्या दोन बाजूंचे उतार मुद्दाम वेगवेगळे ठेवलेले असतात, त्यामुळे शाफ्ट फिरताना तोच थर पुन्हा आत ढकलला जातो. लिप झिजून रुंद झाली, किंवा वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं कुकरच्या जुन्या रिंगेसारखी कडक झाली, की हे ढकलणं थांबतं. सील कोरडं बसवलं तर पहिल्या काही मिनिटांतच लिप जळते, त्याचं कारण तेलाचा तो थर नसणं. लिपला स्वच्छ इंजिन ऑइल लावूनच सील बसवायचं. (काही नव्या गाड्यांत टेफ्लॉनच्या लिपचं सील येतं, ते मात्र कोरडंच बसवतात. तुझ्या गाडीचं तसलं नाही.)

800चं इंजिन आडवं बसवलेलं असल्यामुळे तिची ‘पुढची’ बाजू म्हणजे चाकाकडे तोंड केलेली टायमिंग बेल्टची बाजू. तिथं वर कॅमशाफ्टचं आणि खाली क्रँकचं सील. क्रँक कॅमच्या दुप्पट वेगानं फिरतो, म्हणून खालचं सील जास्त घासतं, तर वरचं हेडच्या उष्णतेत राहून कडक होतं. तुझं कोणतंही एक गळत असलं तरी दोन्ही बदल आणि टायमिंग बेल्टही नवा घाल. सीलची किंमत किरकोळ, पण तिथवर पोचण्याची मेहनत मोठी. तेलानं भिजलेला बेल्ट धुऊन परत वापरावा असं कोणी सुचवलं तर ऐकू नकोस. रबरात मुरलेलं तेल निघत नाही आणि बेल्ट रस्त्यातच दगा देतो. घट्ट तेल टाक किंवा गळती थांबवणारं औषध टाक, हे सल्लेही नाकार. त्या औषधानं रबर काही काळ फुगतं, शाफ्ट मात्र होता तसाच राहतो.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ, पुली आणि कव्हर उतरव, दोन्ही टायमिंगच्या खुणा जुळवून फोटो काढ, मगच बेल्ट सैल कर. जुनं सील किती आत बसलंय ते व्हर्नियरनं मोजून लिहून ठेव. काढताना स्क्रू ड्रायव्हर शाफ्टवर टेकवून उचकटायचा मोह होईल, तो आवर. सीलच्या पत्र्याच्या अंगाला ड्रिलनं बारीक भोक पाड, ड्रिलच्या टोकाला ग्रीस लाव म्हणजे कीस आत पडणार नाही. त्या भोकात छोटा स्क्रू फिरव आणि पक्कडीनं सरळ ओढ. याला वेळ लागतो, पण शाफ्टवर ओरखडा उठत नाही.

सील निघालं की सगळ्यात महत्त्वाचं काम येतं, आणि नेमकं तेच बहुतेक गॅरेजात होत नाही. शाफ्ट पुसून नखानं तपास. नुसती चकाकी दिसली तर चिंता नाही. नख अडलं तर जुन्या लिपनं तिथं चर पाडला आहे. मग नवं सील त्याच खोलीवर बसवण्यात अर्थ नाही. जागा असेल तर ते किंचित आत किंवा बाहेर बसव, म्हणजे लिप न झिजलेल्या धातूवर टेकेल. फक्त आत सरकवताना तेल परत जायचं भोक झाकलं जाणार नाही हे पाहा. जागा नसेल तर शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवून घ्यावी लागेल. गंज असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपर गोल गोल फिरव, लांबीच्या दिशेनं कधीच नको. तिरपी रेघ राहिली तर शाफ्ट फिरताना तीच तेल बाहेर आणते.

बसवताना स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. शाफ्टच्या टोकाला चावीची खाच असते, तिची धार लिप कापते. तिच्यावर दुधाच्या पिशवीचं धुतलेलं प्लास्टिक गुंडाळ आणि त्यावरून सील सरकव. मग सीलच्या बाहेरच्या कडेएवढी पान्याची गोटी किंवा पाइपचा तुकडा धरून हलक्या हातानं, सगळीकडून सारखं ठोक. तिरकं गेलं तर तसंच रेटू नकोस, काढून नवं घे. लिपला सीलंट अजिबात लावायचं नाही.

बेल्टच्या ताणाचा आणि बोल्टच्या टॉर्कचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घे, माझ्या किंवा कोणाच्याही आठवणीवर विसंबू नकोस. बेल्ट चढवल्यावर इंजिन पान्यानं दोन पूर्ण फेरे हातानं फिरव आणि खुणा पुन्हा जुळतात का बघ. कुठं अडलं तर तिथंच थांब. खुणा जुळल्या की सगळं परत जोडून इंजिन सुरू कर, गाडीखाली पुठ्ठा ठेव आणि सकाळी पाहा. सांडलेलं आणि काढलेलं तेल गटारात जाता कामा नये. डबा भरून, जुनं तेल शुद्धीकरणाला पाठवणाऱ्या गॅरेजला दे.

जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. चाक काढलं की गाडी भक्कम स्टँडवर ठेव, मागच्या चाकांना दगड लाव, आणि आई घरात असेल तेव्हाच कामाला बस. एवढं माझं नक्की ऐक.

तुझा,
मामा