खाजेचा आजार, उपचार आणि शरियतची सवलत

हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आणि हजरत जुबैर बिन अव्वाम (रजि.) यांना खाजेचा त्रास होता. पुरुषांना रेशीम निषिद्ध असूनही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या दोघांना रेशमी सदरा घालण्याची परवानगी दिली. बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत ही घटना नोंदलेली आहे. ज्या त्रासासाठी शरियतने सवलत दिली, तो आपण क्षुल्लक मानू नये आणि संकोचाने लपवूही नये.

जळगाव-धुळ्याच्या कडक उन्हाळ्यात घामाने खाज वाढते. मान, घोटा किंवा नडगीवरील एकच जागा सतत खाजवल्याने तेथील त्वचा जाड व काळसर होते. आणि जाड झालेली त्वचा अधिकच खाजते. हे चक्र मलमाने थांबले नाही, तर त्वचारोगतज्ज्ञ बारीक सुईने त्या चट्ट्यातच ट्रायमसिनोलोन हे दाह कमी करणारे स्टेरॉईड अल्प प्रमाणात टोचतात. गरज भासल्यास साधारण 4 ते 6 आठवड्यांनी ते पुन्हा देतात. औषध नेमके चट्ट्यात उतरल्यामुळे खाज शमते व त्वचा हळूहळू मऊ होते. मात्र खाजवण्याची सवयही सोडावी लागते.

तथापि प्रत्येक चट्टा सारखा नसतो. तो नायटा असेल, तर स्टेरॉईडने बुरशी अधिक पसरते. चुकीच्या मात्रेने त्वचा पातळ होते, खड्डा किंवा पांढरा डाग पडतो. मधुमेह असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण रक्तातील साखर वाढू शकते. म्हणून औषधाच्या दुकानातून मनाने मलम आणू नये. 2018 साली केंद्र शासनाने अनेक स्टेरॉईड मलमांची चिठ्ठीविना विक्री बंद केली आहे. वैद्यकाचे ज्ञान नसताना उपचार करणारा नुकसानीस जबाबदार असतो, अशीही हदीस आहे. जळगाव व धुळे या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तेथे तपासणी करून घ्यावी.

रमजानच्या भीतीने उपचार पुढे ढकलू नयेत. त्वचेत दिलेल्या इंजेक्शनने रोजा तुटत नाही. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1997 च्या जेद्दा येथील अधिवेशनात हेच स्पष्ट केले. सुईच्या जागेतून रक्त वाहिले, तर हनफी मतानुसार वजू पुन्हा करावा, एवढेच.

उपचार करणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. औषध घ्यावे आणि शिफा अल्लाहकडे मागावी. अल्लाह सर्व रुग्णांना आरोग्य देवो. आमीन.